'बॉबी' कुणी पाहिला, कुणाला पाहू दिला



स्मरणिका समितीने मला 'आपल्या काळातला सिनेमा' असा विषय दिला होता. त्यातला मी एकच सिनेमा घेतला आहे, कारण आपल्या तुकडीचं सगळ्यात मोठं भांडण त्याच्यावरून झालं. आपण १९७५ च्या मार्चमध्ये नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी म्हणून परीक्षेला बसलो. त्याच वर्षी जुन्या अकरावीची शेवटची तुकडीही बसली, म्हणजे एका वर्षात दोन मॅट्रिक. अशा वर्षाच्या तोंडावर गावात 'बॉबी' लागला. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, म्हणून लेख लिहिताना जुनी सवय सुटली नाही. या वर्षभरात सत्तावीस जणांना फोन केले, दोन सरांना आणि एका बाईंना भेटलो आणि एकच विचारलं : तेव्हा 'बॉबी'बद्दल तुमचं मत काय होतं, आणि आज काय आहे?

आधी थोडा इतिहास. 'मेरा नाम जोकर' १९७० च्या डिसेंबरात आला तो चार तासांहून लांब, दोन मध्यंतरांचा. तो पडला आणि राज कपूर कर्जात बुडाला. मोठे नट परवडण्याचे दिवस नव्हते. त्याने स्वतःचा मधला मुलगा ऋषी घेतला आणि त्याच्यासमोर डिंपल कपाडिया ही कुणालाच माहीत नसलेली मुलगी. सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना आईबाप 'तुमचं हे वय नाही' म्हणतात, एवढ्याच धाग्यावर चित्र उभं राहिलं. कथा ख्वाजा अहमद अब्बास यांची, पटकथेत त्यांच्या जोडीला वसंत साठे. जयकिशन १९७१ मध्ये गेले होते. राज कपूरच्या संस्थेत या वेळी प्रथमच लक्ष्मीकांत-प्यारेलाल आले. २८ सप्टेंबर १९७३ ला चित्रपट लागला आणि देशभर वेड लागलं. तोवर डिंपलचं राजेश खन्नाशी लग्नही झालेलं होतं. पडद्यावर लग्नासाठी घर सोडून पळणारी मुलगी प्रत्यक्षात सोळाव्या वर्षाच्या आतच संसाराला लागली होती. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे सिनेमा यायच्या आधी गाणी आली. दर बुधवारी रात्री बिनाका गीतमाला, बाजारच्या दिवशी गाण्यांची चोपडी, आणि सायकलच्या दुकानातला रेडिओ. पेटी आली ती जून १९७४ मध्ये, शाळा उघडून पंधरवडा झाला होता. टांग्यात कर्णा बांधून जाहिरात फिरली. गुलाबी कागद वाटले गेले. दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर मुख्याध्यापकांनी सांगितलं, की आपल्या शाळेचा विद्यार्थी टॉकीजच्या आवारात दिसला तर पालकांना बोलावलं जाईल. विद्यार्थिनींचा त्यांनी उल्लेखही केला नाही. तो करायची गरज कुणालाच वाटली नसावी.

मुलांनी काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, ते लांबवत नाही. ज्यांचे मामा, काका दुसऱ्या गावी होते त्यांना एकाएकी त्यांची आठवण येऊ लागली. बाकीचे तिसऱ्या वर्गात, टोपी कपाळावर ओढून. आता जे डॉक्टर आहेत ते डोअरकीपरच्या मुलाला गणितं सोडवून देऊन फुकट आत गेले.

या गर्दीतून एक गमतीची गोष्ट बाहेर आली. टॉकीजला पत्रे होते. पावसाची सर आली की संवाद ऐकू येत नसत, नुसती ओठांची हालचाल. ऋषी कपूरचा बाप, म्हणजे प्राण, बॉबीच्या बापाला पैसे देऊ करतो तो प्रसंग फोनवर मी प्रत्येकाला विचारला. सहा जणांनी सांगितलं की तो उसने पैसे परत करतो. दोघांना वाटत होतं, मासळीच्या धंद्यात भागीदारी देतो. चित्रपटात तो सरळ सौदा करतो आहे : पैसे घे आणि पोरीला माझ्या पोरापासून दूर ठेव. ब्रगांझा झालेला प्रेमनाथ त्यावर भडकतो. ऐकू न आल्यामुळे आपल्यातल्या निम्म्यांना तो उगाच तापट, दारुडा माणूस वाटला. पन्नास वर्षं ते मत तसंच राहिलं.

आपल्याला इंग्रजी शिकवायला ज्या बाई होत्या, त्या मूळच्या सासष्टीकडच्या. त्यांनी हा सिनेमा त्या उन्हाळ्यातच मुंबईत पाहिला होता. आज त्या नव्वदीला आल्या आहेत, पण आवाज तोच. त्या म्हणाल्या, "गोव्याचा माणूस दाखवायचा की हातात बाटली आणि अंगात फुलाफुलांचा शर्ट. माझे वडील पोस्टात होते, संध्याकाळी तेर्स म्हणायचे आणि नवाला झोपायचे. ते कुठल्या सिनेमात आहेत?" मात्र त्याच दमात त्यांनी हेही सांगितलं, की गोव्याच्या देखणीची चाल मोठ्या पडद्यावर ऐकली तेव्हा थिएटरात त्यांचे पाय ठेका धरत होते. गोवा मुक्त होऊन तेव्हा बाराच वर्षं झाली होती. उरलेल्या देशाने गोव्याचा कोळीवाडा, चर्च, मासळी पाहिली ती या चित्रपटातून. एका समाजाची ओळख झाली आणि त्याचं व्यंगचित्रही रूढ झालं, दोन्ही एकदम. बाईंचा राग मला पटतो. ठेकाही पटतो.

वस्तीवरून चालत येणाऱ्या आपल्या मित्राचं मत मी कुठल्याही समीक्षकाच्या वर ठेवीन. त्याने ७२ च्या दुष्काळात आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती आणि शाळेत सुकडी खाल्ली होती. ऋषी कपूरचं घर, तो जिना, ते वाढदिवसाचे दिवे पाहून तो शेजारच्याला म्हणाला होता, "एवढ्या घरात ह्याला करमत नाय?" आम्ही हसलो होतो. परवा त्याला आठवण करून दिली तेव्हा तो म्हणाला, "मला खरंच कळत नव्हतं. आता पोरगा पुण्यात फ्लॅटमध्ये एकटा असतो, आता कळतं." आईबापांनी वसतिगृहात ठेवलेला, आयेच्या मायेवर वाढलेला मुलगा हा कथेचा पाया आहे आणि बहुतेक जण तो विसरतात. आपण मोटारसायकल लक्षात ठेवली. राजदूतच्या त्या छोट्या गाडीला लोक पुढे 'बॉबी'च म्हणू लागले. बोटांत घालून खायच्या पिवळ्या नळ्यांचं नावही सिनेमावरूनच पडलं असं आपण छातीठोक सांगायचो. ते खरं की खोटं, हा वाद स्नेहसंमेलनात घालावा.

आता मुलींविषयी. खरं तर मला एवढंच लिहायचं होतं.

आपल्या वर्गात अकरा मुली होत्या. 'बॉबी'वरून जो वाद मधल्या सुट्टीत, मैदानावर, सरांच्या खोलीत चालला होता, त्यात त्यांचा एक शब्द नाही. त्यांना कुणी विचारलंच नाही. अकरांपैकी नऊ जणी आज बोलल्या. टॉकीजमध्ये बायकांची बाजू वेगळी होती, तिथे घरच्या मोठ्या बाईबरोबर जाता येत असे. तसं फक्त दोघींना जाता आलं. एकीने १९८० नंतर टीव्हीवर पाहिला. एकीने अजून पाहिलेला नाही, आणि "आता काय राहिलंय बघायचं" असं म्हणून ती जरा वेळ गप्प बसली.

पाहिलेल्यांना ठिपक्यांचा पोशाख किंवा नाच आधी आठवला नाही. दोघींनीही, एकमेकींशी न बोलता, पहिल्या भेटीचा प्रसंग सांगितला. दार बॉबी उघडते, हात पिठाने भरलेले, केसांना पीठ लागलेलं, आणि समोर परका मुलगा. ती आत पळत नाही. त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलते. एक मैत्रीण म्हणाली, "आमच्याकडे दारात परका आला की मुलींनी आत जायचं. ती उभी राहिली, तेव्हा माझ्या आजीने पदर तोंडाला लावला. मला वाटलं रागावली. बघते तर ती हसत होती."

दुसरीची गोष्ट वेगळी आहे, ती तिच्या परवानगीने लिहितो. दहावीला पंचावन्न टक्के मिळाले आणि त्याच मे महिन्यात तिचं लग्न झालं. वय सोळा. तेव्हा कायद्याने मुलीचं लग्नाचं वय पंधरा होतं, अठरा झालं ते १९७८ च्या दुरुस्तीने. तिच्या वडिलांनी 'बॉबी'ला नाही म्हटलं होतं ते असं, की या वयात असले विचार डोक्यात येऊ नयेत. आणि वर्षाच्या आत त्यांनी तिला बोहल्यावर उभं केलं. "मला नवऱ्याबद्दल तक्रार नाही," ती म्हणाली. "चांगला माणूस. पण दादांना मला विचारायचं होतं, की प्रेमाला लहान आणि लग्नाला मोठी, असं कसं हो? विचारायचं राहिलं. ते गेले पंच्याऐंशी साली."

त्या वेळच्या सगळ्या मतांमध्ये, अगदी शिक्षकांच्या आणि पालकांच्याही, हा पेच आहे. 'बॉबी' मुलांना बिघडवेल अशी भीती सगळ्यांना होती. संस्कृतच्या सरांनी मात्र तासाला सांगून टाकलं होतं, की शकुंतलेचं वय काढा, आणि तिने कुणाला विचारून लग्न केलं तेही काढा. मग पाठ पुढे नेला. मुख्याध्यापकांना हे कळलं होतं का, असं मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "कळलं असणार. ते स्वतःही पाहून आले होते, मिरजेला." एवढं सांगून सरांनी विषय बदलला.

सरकारलाही या चित्रपटाची ताकद माहीत होती. आणीबाणी सैल झाल्यावर १९७७ च्या निवडणुकीत दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण आणि बाबू जगजीवनराम यांची सभा एका रविवारी होती. लोक घरी बसावेत म्हणून दूरदर्शनने त्या संध्याकाळी 'बॉबी' लावला, असं तेव्हाच बोललं गेलं. लोक तरीही सभेला लोटले आणि बाबूंनी बॉबीला हरवलं असं वृत्तपत्रांनी छापलं. आपल्या मुख्याध्यापकांनी ज्या चित्रपटापासून पोरांना लांब ठेवलं, तोच तीन वर्षांत मोठ्यांना घरी डांबायला वापरला गेला. वर्गात ही गोष्ट मी दरवर्षी सांगायचो, मुलं हमखास जागी व्हायची.

पुढच्या पिढीची मतं फार कडक आहेत. माझ्या नातीने गेल्या दिवाळीत माझ्याबरोबर तो पाहिला. प्रेमप्रकरणावर ती काहीच बोलली नाही. तिला टोचली ती अलका. फरीदा जलालने केलेली ती श्रीमंत घरची मतिमंद मुलगी, धंद्याच्या सोयीसाठी नायकाच्या गळ्यात बांधली जाणारी. "आजोबा, तिच्यावर सगळे हसतायत, आणि तिचं कुणाला काही नाही. शेवटी ती कुठे जाते?" चित्रपट संपेपर्यंत ती उत्तराची वाट पाहत होती. शेवटी दोन्ही पोरं पाण्यात उडी घेतात, एकमेकांच्या पोराला दोन बाप वाचवतात, गरीब-श्रीमंत एक होतात. अलकाचं नाव कुणी घेत नाही. आम्ही टॉकीजमध्ये तिच्या प्रसंगांना सर्वांत मोठ्याने हसलो होतो, असं पाच जणांनी आपणहून सांगितलं.

मला स्वतःला विचाराल, तर आज चित्रपटात सर्वांत खरी वाटते ती दुर्गाबाई खोटेंची आजी. ज्या मुलाला तिने वाढवलं त्याच्या वाढदिवसाला नातीला घेऊन येते आणि मोठ्या लोकांत तिला जागा नसते. 'अयोध्येचा राजा'मधली तारामती ती हीच, १९३२ ची. उतारवयात त्यांना हा प्रसंग मिळाला आणि त्यांनी तो आवाज न चढवता केला. बाकी चित्रपट तिसऱ्या भागात फार ताणला आहे, प्रेम चोप्रा येतो तेव्हापासून कथेचं भान सुटतं. हे मत वर्गातल्या बहुतेक पुरुषांना मान्य नाही, कारण त्यांना तोच भाग पाठ आहे.

संमेलनाच्या पहिल्या रात्री 'बॉबी' दाखवायचा असं ठरलं आहे. टॉकीजचं मंगल कार्यालय झालं आहे, तिथलाच हॉल घेतला आहे. चित्रपट जवळजवळ पावणेतीन तासांचा आहे, तेव्हा ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी खुर्चीचं आधी कळवावं. पत्रे आता काढले आहेत, संवाद ऐकू येतील. पुढच्या दोन रांगा मैत्रिणींसाठी राखल्या आहेत. ज्या मैत्रिणीने अजून पाहिलेला नाही तिने "बघू" असं म्हटलं आहे.