कराची–जुहू : अंतर आणि अवधी

कराची आणि मुंबई या शहरांच्या विमानतळांमध्ये सरळ रेषेत सुमारे ८७५ किलोमीटर अंतर आहे. मुंबईहून दिल्ली याहून दूर पडते. अंतर हा भूगोलाचा विषय असल्यामुळे गेल्या शतकभरात त्यात काही फरक पडलेला नाही. प्रवासाच्या अवधीचे मात्र तसे नाही.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून पस मॉथ हे एका इंजिनाचे छोटे विमान घेऊन निघाले. लंडनहून कराचीपर्यंतचे टपाल १९२९ पासून इम्पीरियल एअरवेजच्या विमानांनी येऊ लागले होते. ते पुढे नेण्याचे काम टाटांच्या नव्या सेवेने पत्करले. वाटेत अहमदाबादला बैलगाडीतून आणलेले पेट्रोल विमानात भरले गेले आणि दुपारी ते जुहूच्या धावपट्टीवर उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. अहमदाबादच्या वळणाने सुमारे १०३० किलोमीटरची ही वाट ताशी १६० किलोमीटरच्या आसपास वेगाने, थांब्यासह साधारण सात तासांत कापली गेली. भारतीय नागरी विमानवाहतुकीचा आरंभ म्हणून या उड्डाणाचा उल्लेख नेहमी होतो.

त्या उल्लेखात एक गोष्ट मात्र सहसा निसटते. सिंध १ एप्रिल १९३६ रोजी स्वतंत्र प्रांत झाला. तोवर तो मुंबई इलाख्याचाच भाग होता. म्हणजे कराची, अहमदाबाद आणि जुहू ही तिन्ही ठिकाणे त्या दिवशी एकाच इलाख्यात होती. टाटांनी कोणतीही आंतरराष्ट्रीय सरहद्द ओलांडली नव्हती. ते इलाख्याच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात आले होते. या एकत्वाच्या खुणा अजून पुसलेल्या नाहीत. सिंधच्या शिक्षणखात्यात काम केलेल्या नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा आजही कराचीत उभी आहे. आपल्या वाङ्मयेतिहासात बडोदा, इंदूर, तंजावर येतात. कराचीकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते.

१९४७ नंतर हीच वाट आंतरराष्ट्रीय झाली. जेट विमानांनी सात तासांचे दीड-दोन तास केले. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, ७८ वर्षांच्या टाटांनी जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला. सरहद्द होती, पण आकाश खुले होते. पुढे थेट प्रवासी सेवा थांबली आणि एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी परस्परांच्या विमानांना आपली हवाई हद्दही बंद केली. दुबईमार्गे जायचे म्हटले, तर ८७५ किलोमीटरचे सुमारे ३१०० किलोमीटर होतात आणि विमान बदलण्याचा वेळ धरता १९३२ च्या सात तासांतही हा प्रवास आटोपेलच असे नाही.

यंत्रे वेगवान झाली की जग जवळ येते, हे विधान आपण विद्यार्थ्यांना सहजपणे सांगत असतो. कराची–जुहूची वाट त्याला एक पुरवणी जोडते. वेग यंत्र देते. वाट मात्र माणसांच्या परस्परसंबंधांवर अवलंबून असते. बैलगाडीतल्या पेट्रोलवर आलेले ते चिमुकले विमान आजच्या जेटच्या बरोबरीला येते, ते याच कारणाने. ही बरोबरी त्या विमानाला भूषणावह आहे. आपल्याला आहे का, याचा विचार करायला हवा.