बंडकऱ्याचा अंगरखा, खंडणीखोराच्या अंगावर

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात जांभोरी हे गाव आहे. तेथील होन्या भागोजी केंगले या महादेव कोळ्याने १८७३ च्या सुमारास टोळी उभारून सावकारांवर हल्ले सुरू केले. सावकारांची नाके कापल्याच्या हकिगती त्याच्याभोवती आहेत. १८७५ मध्ये सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा झाला, तोही याच असंतोषातून. १८७६ मध्ये होन्या पकडला गेला. एरिक हॉब्सबॉम या इतिहासकाराने 'सामाजिक डाकू' म्हणून ज्याचे वर्णन केले, त्याला जवळचा असा हा माणूस. कायद्याच्या लेखी तो गुन्हेगार होता. पण त्याचे वैर कोणाशी, हे त्याच्या भागातील कुळांना ठाऊक होते.

गुन्हेगारीपटांनी हाच साचा उचलून मुंबईच्या टोळीवाल्याला बहाल केला आहे. 'दीवार' (१९७५) पासून 'वास्तव' (१९९९) पर्यंत नायक आधी अन्यायाचा बळी असतो, मग हत्यार उचलतो आणि शेवटी आईसमोर हरतो. गिरणगावाच्या संदर्भात या साच्याला एक ठरावीक कारण जोडले जाते : संप फसला, पोरे बेकार झाली, म्हणून टोळ्या आल्या.

तारखा मात्र वेगळे सांगतात. गिरणी संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. 'शूटआउट अॅट वडाला' (२०१३) ज्याच्यावर बेतला, तो मन्या सुर्वे त्याच्या एक आठवडा आधी, ११ जानेवारीला, पोलिसांच्या गोळ्यांनी मेला होता. अरुण गवळी ज्या भायखळा टोळीतून पुढे आला, तीही संपाआधीचीच. संपानंतर टोळ्यांना माणसे मिळाली, हे खरे. परंतु संपाने टोळ्या जन्माला घातल्या, असे म्हणता येत नाही. आणि टोळ्या कामगारांच्या कैवारी होत्या असे मानावे, तर संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांची १६ जानेवारी १९९७ रोजी भाडोत्री मारेकऱ्यांनी केलेली हत्या कोणत्या खात्यावर मांडायची? होन्याने सावकारावर शस्त्र उगारले होते. येथे गोळी कामगारांच्या पुढाऱ्यावर झाडली गेली.

गवळीला २०१२ मध्ये नगरसेवकाच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली. 'दगडी चाळ' (२०१५) आणि 'डॅडी' (२०१७) हे चित्रपट त्यानंतरचे आहेत. न्यायालयाच्या निकालानेही दंतकथा थांबत नाही, हाच याचा अर्थ.

या दंतकथेत सर्वांत मोठे नुकसान कोणाचे झाले, हे जयंत पवारांच्या 'अधांतर' या नाटकाकडे पाहिल्यास कळते. त्यात टोळीत गेलेला नरू घरातल्या अनेकांपैकी एक आहे. नाटक आईचे आणि तिच्या खचत चाललेल्या घराचे आहे. त्यावर आधारलेल्या 'लालबाग परळ' (२०१०) मध्ये मात्र टोळीयुद्ध आणि रक्तपात यांना कितीतरी अधिक जागा मिळाली.

संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यांतील फार थोडी घरे नरूची होती. जुन्नर-आंबेगावसारख्या तालुक्यांतून मुंबईला गेलेल्या कितीतरी कामगारांनी खोली सोडली, गावी येऊन जिरायत तुकडा कसला, किंवा पुन्हा मुंबईत जाऊन मिळेल ती हमाली केली. त्यांनी हत्यार उचलले नाही, म्हणून पडद्याने त्यांना पाहिले नाही. गिरणगावाचा इतिहास शिकवताना विद्यार्थ्यांपुढे आधी ही माणसे ठेवावीत. टोळीवाला नंतर आला तरी चालेल.