ब्राउन ट्यूमरचे सुई-निदान

परावटू ग्रंथींच्या विकाराने हाडात झालेल्या गाठीतून बारीक सुईने पेशी ओढून केलेली तपासणी. मानेत अवटू ग्रंथीच्या मागे बहुधा चार परावटू ग्रंथी असतात. त्यांतील एखादी वाढून तिचे संप्रेरक, म्हणजे पीटीएच, जास्त स्रवू लागले की हाडातील कॅल्शियम रक्तात उतरते. पोखरलेल्या जागी तंतुमय ऊती भरते, आत रक्तस्राव होतो आणि त्यातील लोहामुळे गाठ तपकिरी दिसते. जबडा, बरगड्या, कटीर आणि लांब हाडे या तिच्या नेहमीच्या जागा. ही गाठ कर्करोगाची नसते.

वरचे हाड पातळ झालेले असले तर २२ किंवा २३ गेजची सुई सहज आत जाते. भूल लागत नाही. स्लाइडवर अनेक केंद्रकांच्या जायंट सेल, लांबट पेशी आणि रक्तातील लोह गिळलेल्या पेशी दिसतात. खरी अडचण इथेच आहे. हाडाच्या जायंट सेल ट्यूमरमध्येही जवळपास हेच चित्र असते, उपचार मात्र अगदी वेगळे: तिथे हाड खरवडावे किंवा कापावे लागते, इथे शस्त्रक्रिया मानेतील ग्रंथीवर करायची असते. म्हणून स्लाइडवर जायंट सेल दिसल्या की कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि पीटीएच तपासल्याशिवाय हाडाला हात लावू नये. एकाहून अधिक हाडांत गाठी, मुतखड्याचा त्रास, एक्स-रेमध्ये बोटांच्या हाडांची झिजलेली कड, या खुणांमुळे परावटू विकाराचा संशय बळावतो. आपल्याकडे ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. तिच्यामुळे कॅल्शियम फसवे, नॉर्मल येऊ शकते. तेवढ्यावरून हा आजार नाही असे ठरवणे धोक्याचे आहे.

पुण्यात ससून रुग्णालय आणि त्याला जोडलेले बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय (१९४६) इथे शहराबाहेरूनही रुग्ण येतात. लांबून आलेल्या माणसाला ओपीडीतच होणारी ही स्वस्त तपासणी मोठा आधार ठरते; पण अस्थिरोग, पेशीविज्ञान आणि रक्त तपासणी हे तिन्ही विभाग एकमेकांशी बोलले तरच.

परावटू ग्रंथी रिचर्ड ओवेन यांना लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील भारतीय गेंड्यात दिसल्या. माणसातील वर्णन इवार सँडस्ट्रम यांनी १८८० मध्ये केले. व्हिएन्नाच्या फेलिक्स मांडल यांनी हाडे ठिसूळ झालेल्या एका ट्राम कर्मचाऱ्याला आधी परावटू ऊतीचे रोपण केले. गुण आला नाही, तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी वाढलेली ग्रंथीच काढली आणि रुग्ण सुधारू लागला.

ग्रंथी काढल्यावर हाडातील गाठी बहुधा आपोआप भरून येतात. मात्र भुकेली हाडे रक्तातील कॅल्शियम झपाट्याने ओढून घेतात. त्यामुळे पहिले काही दिवस कॅल्शियमवर बारीक लक्ष ठेवावे लागते.