बारतोंडीच्या मुळातला लाल

बारतोंडीचं झाड बघून कुणाला लाल रंग आठवणार नाही. फुलं पांढरी, पिकलेलं फळ पिवळट-पांढरं आणि उग्र वासाचं. सगळा रंग जमिनीखाली, मुळांच्या सालीत. रंगारी त्याला ‘आल’ म्हणत, आणि खानदेशात, मध्य प्रांतात त्याची चक्क शेती होई. लागवडीनंतर तीन-चार वर्षांनी मुळं खणून काढायची. बारीक मुळांना सर्वांत जास्त भाव, कारण जाड मुळात लाकूडच फार, साल कमी.

मी सुती कापडावर हा रंग चढवते. मूळ नखाने खरवडलं तर पिवळं दिसतं. सालीतलं मोरिंडिन हे साखरेशी बांधलेलं द्रव्य. ती साखर सुटली की मोरिंडोन उरतं. तुरटीच्या पाण्यातून काढलेलं कापड त्यात मंद आचेवर ठेवलं, की तुरटीतलं अॅल्युमिनियम धागा आणि रंग यांना जखडून ठेवतं. मग चढतो तो विटकरी लाल. व्यापाऱ्यांच्या वह्यांना लागणारं खारव्याचं कापड याच रंगाचं असे.

1868 मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मॅडर या दुसऱ्या रंगवनस्पतीच्या मुळातलं लाल द्रव्य, अॅलिझरिन, प्रयोगशाळेत बनवलं. मोरिंडोनचंच ते भावंड. कारखान्याचा स्वस्त लाल बाजारात उतरला आणि तीन-तीन वर्षं रान अडवून ठेवणारं पीक शेतकऱ्याला परवडेना. मला हळहळ वाटते ती हाताने चाचपून मुळाची प्रत सांगणाऱ्यांची. त्यांचं ज्ञान कुणी नीट लिहून घेतलं नाही.