तीन आण्यांचे पैसे किती?

सातवीतल्या नातवाची गणिताची वही समोर आली की माझा मुलगा म्हणतो, ‘आमच्या वेळी ही रीत नव्हती.’ हे वाक्य मी वडिलांच्या तोंडून १९५७ साली ऐकलं आहे.

मी तेव्हा सहावीत होतो. वडील एका अडत दुकानात दिवाणजी. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण रात्री कंदिलाशी माझा गृहपाठ घ्यायला तेच बसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी त्यांना तोंडपाठ. (औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे आता सांगावं लागतं.) हे पाढे उगीच नव्हते. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, मणाचे शेर चाळीस. बाजारच पाव-अर्ध्याने चालायचा. वडिलांचा आडाखा होता, ‘मणाला जितके रुपये, अडीच शेराला तितके आणे.’ मण अठरा रुपयांना, तर अडीच शेर एक रुपया दोन आण्यांना. मी त्रैराशिक मांडेपर्यंत त्यांचं उत्तर तयार असे.

१९५५ साली नाणेकायदा बदलला आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. जुनी नाणीही अजून चालत होती, म्हणून रूपांतराचं कोष्टक आलं. आणा खरा सव्वासहा नव्या पैशांचा. पण अपूर्णांक अर्ध्यापर्यंत असेल तर सोडायचा, जास्त असेल तर पूर्ण धरायचा. म्हणून एका आण्याचे सहा, दोनचे बारा, तीनचे मात्र एकोणीस. तीन वेळा एकेक आणा दिला तर अठराच!

वडील इथे अडले. दुकानात पैचा फरक सापडेपर्यंत न उठणारा माणूस. ‘हा एक पैसा जातो कुठे?’ मी मास्तरांचं उत्तर दिलं, ‘नियमच तसा आहे.’ त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. पुढे माझा गृहपाठ त्यांनी घेतला नाही.

सुधारणा योग्यच होती. गावोगावी शेर वेगळा असण्याचा घोळ किती दिवस चालवायचा? १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आला, शेर-मण मागे पडले. दुकानातल्या जुन्या वजनांबरोबर वडिलांचा आडाखाही मोडीत निघाला.

१९६२ साली धाकटी बहीण सहावीत होती. एका रात्री ती गृहपाठ करत असताना वडील आपण होऊन तिच्याजवळ येऊन बसले. म्हणाले, ‘क्विंटलला जितके रुपये, किलोला तितके नवे पैसे. बघ करून.’ दुकानात बसून त्यांनी तो स्वतःच शोधला होता. तिने करून पाहिलं आणि म्हणाली, ‘बाबा, यात आडाखा कसला? नुसता दशांश टिंब सरकवायचा.’

वडील हसले. मग म्हणाले, ‘बरं, आता औटकी म्हणून दाखव.’