‘ताई, तुम्ही घेतली का?’

परवा शहाद्याच्या एका ग्रुपवर कोविडच्या लसीकरणाचा विषय निघाला आणि लगेच कुणीतरी लिहिलं, आपल्याकडचे लोक अडाणी, म्हणून लस घेत नव्हते. हे वाक्य मी तेव्हापासून ऐकतोय. लशीपुढे सगळ्यात आधी जे थबकले ते धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरचे लोक नव्हतेच. ते मोठ्या शहरांतले डॉक्टर, नर्स होते. त्यांना अडाणी कसं म्हणणार? म्हणून जरा सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

१६ जानेवारी २०२१, शनिवार. देशात लसीकरण सुरू झालं आणि पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांचा. महाराष्ट्रात २८५ केंद्रं, प्रत्येकी १०० जण, म्हणजे २८,५०० लोक अपेक्षित. आले साधारण १८ हजार. राहिलेले सगळे काही घाबरले नव्हते. को-विन ॲप त्या दिवशी नीट चालत नव्हतं, अनेकांना मेसेजच गेले नाहीत. पुढचे दोन दिवस राज्याला लसीकरण थांबवावं लागलं. शिवाय गरोदर आणि बाळाला अंगावर पाजणाऱ्या बायांना तेव्हा लस द्यायची नाही असाच नियम होता. नर्स आणि आशाताईंमध्ये तरुण बाया किती असतात ते आपल्याला माहीत आहे. तरी ‘लोक आले नाहीत’ म्हणताना हे कुणी सांगत नाही.

पण काही जण खरंच थांबले होते, आणि त्यांचं कारण ऐकण्यासारखं आहे. ३ जानेवारीला कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन अशा दोन लशींना एकाच दिवशी परवानगी मिळाली. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे आकडे तेव्हा आलेलेच नव्हते. तिला परवानगी होती ती ‘क्लिनिकल ट्रायल मोड’मध्ये. घेणाऱ्याने संमतीपत्रावर सही करायची, आणि त्या कागदावरच लिहिलेलं की ही लस किती परिणामकारक आहे ते अजून ठरायचंय. दोन्हींतली कुठली घ्यायची हे निवडायची मुभा नव्हती. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी पत्र दिलं, आम्हाला कोविशील्ड द्या. आपल्या राज्यात कोव्हॅक्सिन सहाच ठिकाणी होती, त्यांत मुंबईचं जे.जे. आणि नागपूरचं मेडिकल. जे.जे.त लस घ्यायला फार थोडे लोक पुढे आले.

यावर उत्तर काय मिळालं? औषध महानियंत्रकांनी सांगितलं, दोन्ही लशी ११० टक्के सुरक्षित आहेत. आता जो माणूस रोज पेशंटला औषध लिहून देतो, त्याला १०० च्या वरचा टक्का ऐकून धीर येईल की शंका वाढेल, तुम्हीच सांगा. डॉक्टर आकडे मागत होते, त्यांना घोषणा मिळाली.

गंमत म्हणजे हेच जे.जे. एकदा नेमकी उलटी गोष्ट बघून बसलंय. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्देमार हाफकिन हा शास्त्रज्ञ जे.जे.ला जोडलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात छोट्याशा जागेत लस बनवत होता. १० जानेवारी १८९७ ला त्याने ती सगळ्यात आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं, ते त्याने सोसलं. मग महिनाअखेरीला भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांवर प्रयोग झाला. टोचून न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला, ६ मेले. घेतलेल्यांत दोघांना झाला, मेलं कुणी नाही. (कैद्यांची ‘स्वेच्छा’ किती खरी, हा प्रश्न मला पडतोच. तो वेगळा विषय.)

म्हणजे तिथे बनवणाऱ्याचा दंड आधी पुढे आला आणि आकडेही लवकर आले. तरी लोकांनी सहज विश्वास ठेवला नाही. १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावात एकाच बाटलीतली लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने गेले. दोष हाफकिनवर आला, त्याला कामावरून दूर केलं. निर्दोष ठरायला पाच वर्षं लागली. आज परळला त्याच्या नावाची संस्था आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोव्हॅक्सिन बनवायची परवानगी मिळाली ती तिथल्याच हाफकिन महामंडळाला!

आता आपल्याकडे या. कोव्हॅक्सिनच्या त्या सहा ठिकाणांत नंदुरबार नव्हतं. पण जे.जे.तली बातमी फोनवर पुरुषोत्तमनगरला यायला किती वेळ लागतो? ‘मोठे डॉक्टरच घेत नाहीत’ एवढंच इथे पोचलं. कोणती लस, का घेत नाहीत, कागदावर काय लिहिलंय, ते वाटेतच गळालं. त्यात मूल होत नाही वगैरे अफवा मिसळल्या. आणि हे सगळं झेलायला दारोदार कोण गेलं, तर आशाताई आणि अंगणवाडीताई. त्यांना अहिराणीत, गुजरीत, भिलीत प्रश्न एकच: ताई, तुम्ही घेतली का? जिने घेतली तिचं काम थोडं सोपं झालं. जी स्वतः घाबरलेली होती किंवा नियमामुळे घेऊ शकत नव्हती, तिने काय सांगायचं? तिच्या शंकेला उत्तर द्यायला कोण बसलं तिच्याजवळ? ‘टार्गेट’ मात्र तिला रोज विचारलं गेलं.

तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या ऑक्सिजन प्लांटचं देशभर कौतुक झालं, ते रास्तच. पण प्लांटला कुणाचा होकार लागत नाही, लशीला लागतो.

कोव्हॅक्सिनचे पहिले आकडे ३ मार्चला आले, ८१ टक्के. ‘ट्रायल मोड’ची अटही मार्चमध्येच निघाली. म्हणजे जे डॉक्टर ‘आकडे येऊ द्या’ म्हणत होते, त्यांचं मागणं दीड महिन्यात पुरं झालं. शेवटचे आकडे जुलैत आले, ७७.८ टक्के, तेही चांगलेच. लस चांगली निघाली म्हणून जानेवारीतला प्रश्न चुकीचा ठरत नाही. पण थांबण्याची किंमतही होती. ३ एप्रिलला केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांची नवी नोंदणी बंद केली, आणि तोवर दुसरी लाट दारात उभी होती. जूनमध्ये राज्यातल्या सुमारे ७० हजार आशाताई मानधनासाठी संपावर गेल्या. कोविडच्या कामाचे केंद्राकडून त्यांना महिन्याला हजार रुपये मिळत होते.

तुमच्या घरात त्या वेळी कुणी नर्स, आशा, अंगणवाडीताई, वॉर्डबॉय असेल तर त्यांना विचारा, पहिला डोस कधी घेतला आणि आधी मनात काय होतं. कमेंटमध्ये लिहा, नाव नको. सरकारी नोंदीत डोसची तारीख आहे, पण त्यांच्या मनात काय होतं ते कुठेच लिहिलेलं नाही.