ऊमरा : भातकुलीचा कापूस आणि रिकार्डोचे गणित

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिव्हरपूलच्या कापूसबाजारात ‘ऊमरा’ नावाचा माल विकला जाई. हे नाव अमरावतीचे. तत्कालीन इंग्रजी कागदपत्रांत अमरावतीचे लेखन ‘ऊमरावती’ असे होई. व्यापाऱ्यांनी त्याचे शेपूट तोडले आणि वऱ्हाडातल्या जवळजवळ सगळ्याच कापसाला उरलेला अर्धा शब्द चिकटवला. खामगावची गाठ असो, अकोल्याची असो वा भातकुलीच्या शेतातून अमरावतीच्या बाजारात आलेल्या कापसाची असो, समुद्रापलीकडे ती ‘ऊमरा’च.

या मालाची कीर्ती मात्र फारशी चांगली नव्हती. तंतू आखूड, सूत जाडेभरडे, त्यात पालापाचोळा आणि माती. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांचा कापूस लांब धाग्याचा, स्वच्छ आणि लँकेशायरच्या यंत्रांना मानवणारा. म्हणजे गुणवत्तेत अमेरिका पुढे आणि एकरी उताऱ्यातही पुढे. मग भातकुलीच्या शेतकऱ्याने कापूस पेरावाच का? आणि पेरला तरी तो विकला का जावा?

ॲडम स्मिथच्या १७७६ च्या ग्रंथावरून या प्रश्नाचे सोपे उत्तर काढता येते : जो देश जी वस्तू कमी श्रमात करतो, त्याने ती करावी, बाकीच्या विकत घ्याव्यात. हा झाला ‘निरपेक्ष लाभ’. पण जो देश सगळ्याच बाबतीत मागे आहे, त्याने काय करावे? त्याने बाजारात येऊच नये की काय?

१८१७ मध्ये डेव्हिड रिकार्डो या लंडनच्या शेअरदलालाने याचे उत्तर दिले. त्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. ठरावीक कापड विणायला इंग्लंडमध्ये वर्षाला १०० माणसांचे श्रम लागतात, ठरावीक मद्य करायला १२० माणसांचे. पोर्तुगालमध्ये तेच कापड ९० माणसांत होते आणि मद्य ८० माणसांत. पोर्तुगाल दोन्ही बाबतींत सरस. तरीही पोर्तुगालने मद्य करावे आणि कापड इंग्लंडकडून घ्यावे, असे रिकार्डो म्हणतो. कारण कोण किती चांगले करतो हा प्रश्नच नाही. एक वस्तू करताना दुसरी किती सोडावी लागते, हा प्रश्न आहे. याला ‘तुलनात्मक लाभ’ म्हणतात.

हेच गणित वऱ्हाडच्या मातीत मांडून पाहता येते. आकडे कल्पित आहेत, केवळ समजण्यापुरते. समजा, मिसिसिपीच्या काठचा एक मळा वर्षभराच्या श्रमात ६ गाठी कापूस पिकवतो किंवा ६ गाड्या मका. भातकुलीचे शेत तेवढ्याच श्रमात २ गाठी कापूस देते किंवा १ गाडी ज्वारी. मका आणि ज्वारी एकाच भावाने विकली जाते असे धरू. अमेरिका दोन्हींत कितीतरी पुढे. पण अमेरिकेला एक गाठ कापसासाठी एक गाडी धान्य सोडावे लागते. भातकुलीला अर्धीच गाडी. म्हणून बाजारात एका गाठीला पाऊण गाडी धान्य मिळू लागले, तर भातकुलीचा शेतकरी कापूस पेरून फायद्यात राहतो. त्याचा कापूस अमेरिकेपेक्षा चांगला असण्याची गरज नाही. त्याची ज्वारी त्याहून अधिक मागे असली की पुरे.

आता भातकुलीची जमीन पाहू. (हे गाव तसे जुने. वाकाटकांच्या ताम्रपटात येणारे भोजकट म्हणजेच भातकुली, असे काही अभ्यासक मानतात. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी याने भोजकट वसवल्याची कथा वऱ्हाडात आजही सांगतात.) अमरावतीच्या पश्चिमेला पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेला हा भाग खारपाणपट्ट्यात येतो. माती काळी, खोल, ओल धरून ठेवणारी. पण जमिनीखालचे पाणी खारट. विहीर खणली तरी तिच्यावर ना माणसाची तहान भागते, ना पीक पोसते. म्हणून बागायत नाही, मळा नाही. पावसावर जे येईल ते पीक : कापूस, ज्वारी, तूर, आणि थंडीत ओलीवर हरभरा. रिकार्डोच्या भाषेत सांगायचे तर इथे कापसासाठी सोडून द्यावे लागणारे पर्याय मुळातच थोडे होते. वऱ्हाडाच्या कापूसप्रेमामागे सुपीकतेइतकीच ही चणचणही आहे, आणि तिचा उल्लेख क्वचितच होतो.

अर्थात पर्याय असणे आणि बाजार हाताशी असणे या दोन वेगळ्या गोष्टी. रेल्वेपूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर जाई. बंजाऱ्यांचे तांडे तो सुमारे ५०० मैलांवरच्या मिर्झापूरला नेत आणि तिथून तो गंगेतून बंगालकडे उतरे. मुंबईची वाट पुढे विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी रुळवली. १८२५-२६ मध्ये त्यांनी ५०० बैलांवर १ लाख २० हजार पौंड कापूस घाट उतरवून मुंबईला धाडला. म्हणजे एका बैलाच्या पाठीवर २४० पौंड. वाटेत पाऊस लागला की माल भिजे, बैल मरत, आणि पाऊण गाडीचा भाव अर्ध्यावर येई. रिकार्डोच्या उदाहरणात वाहतुकीला खर्च नाही. या वाटेवर खर्चच सगळ्यात मोठा होता.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात आले. कारण सांगितले गेले ते हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चाचे. पण मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर कापसाच्या काळ्या जमिनींवर होती, हेही त्या काळात लपलेले नव्हते. मग १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. ब्रिटनला लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन-चतुर्थांश कापूस तिथून येई, तो आटला. लिव्हरपूलचा भाव चौपटीच्या घरात गेला. मुंबईत पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंदांच्या नावाने शेअरबाजार डोलू लागला, आणि वऱ्हाडात ज्वारीची शेते पऱ्हाटीने भरली.

१८६५ मध्ये युद्ध संपले आणि मुंबईचा डोलारा कोसळला. गंमत अशी, की रेल्वे वऱ्हाडातून पुढे नागपूरला पोहोचली ती १८६७ मध्ये, म्हणजे तेजी ओसरल्यावर. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला. १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. १८७१ मध्ये बडनेऱ्याहून अमरावतीला रूळ गेले. अमेरिकन माल बाजारात परतला होता, आणि तरीही ऊमरा विकला जात राहिला. रिकार्डोचे गणित बरोबर असल्याचा याहून चांगला पुरावा शोधून सापडणार नाही.

परंतु याच वर्षांत एका सरकारी अधिकाऱ्याने ते गणित शेवटपर्यंत सोडवून दाखवले, आणि तिथे त्याचा दुसरा चेहरा दिसतो. हॅरी रिव्हेट-कार्नॅक हा मध्य प्रांत व वऱ्हाडचा कापूस आयुक्त. १८६९ च्या सुमारास रेल्वेच्या फाट्यांची शिफारस करताना त्याने मांडलेला विचार असा : रेल्वे आली की विलायती कापड इथे स्वस्तात येईल, देशी कापड त्यापुढे टिकणार नाही, मग इथे सुतासाठी खपणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल आणि कातणारे-विणणारे हात शेतीच्या कामाला मिळतील. या मांडणीत द्वेष नाही की उर्मटपणा नाही. शुद्ध तुलनात्मक लाभ आहे. म्हणूनच ती वाचताना अंगावर काटा येतो.

कारण कागदावर ‘श्रम’ एका रकान्यातून दुसऱ्यात सहज सरकतो. वऱ्हाडात कोष्टी, साळी, मोमीन आणि जाडेभरडे कापड विणणारे महार यांच्या हाताला माग होता. माग गेल्यावर त्यांना शेत मिळाले नाही, दुसऱ्याच्या शेतातली रोजंदारी मिळाली. निंदणी आणि वेचणी, तीही हंगामापुरती. देशाचे एकूण उत्पन्न वाढते असे सूत्र सांगते. ते कोणाच्या घरात वाढते, याविषयी सूत्र मौन बाळगते.

आणखी एक गोष्ट. इंग्लंडला कापडात मिळालेला ‘लाभ’ हवामानातून उगवलेला नव्हता. १७०० आणि १७२१ च्या कायद्यांनी इंग्लंडने हिंदुस्थानी छिटांना आपली दारे बंद केली होती. त्या आडोशाने त्यांचा धंदा वाढला, आणि वाढल्यावर खुल्या व्यापाराचा उपदेश सुरू झाला. रिकार्डोच्या पोर्तुगालमागेही १७०३ चा मेथ्यूएन तह उभा होताच. हा मुद्दा मराठी मुलखात नेमकेपणाने मांडला तो न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात त्यांनी विचारले, की उष्ण प्रदेशाने कच्चा माल पिकवावा आणि समशीतोष्ण प्रदेशाने पक्का करावा, ही विभागणी निसर्गाची कशी? हिंदुस्थान शतकानुशतके पक्का माल जगाला विकत आला होता. त्याआधीच, १ जानेवारी १८७७ रोजी, जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली होती : जिथे कापूस, तिथेच गिरणी. सरकारने यावर काय केले? १८९६ मध्ये हिंदुस्थानी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला, लँकेशायरला स्पर्धा जाचू नये म्हणून.

शेतकरी मात्र आपले गणित स्वतःच मांडत होता, आणि अनेकदा आयुक्तांपेक्षा बरे. सरकारचा आग्रह हिंगणघाटच्या ‘बनी’सारख्या लांब धाग्याच्या वाणासाठी होता. वऱ्हाडच्या शेतकऱ्याने हळूहळू ‘जरी’सारखी आखूड धाग्याची, काटक आणि जास्त उतारा देणारी वाणे जवळ केली. अधिकारी त्याला अडाणी म्हणत. पण लांब धाग्याला बाजारात जो जादा भाव मिळे, त्याने कमी उताऱ्याची भरपाई होत नव्हती. पुढे १८९३ मध्ये टाटांच्या सहकार्याने जपानच्या निप्पॉन युसेन कैशा कंपनीने मुंबई ते जपान जहाजे सुरू केली आणि जपानी गिरण्या नेमका हाच आखूड कापूस अमेरिकन कापसात मिसळून कातू लागल्या. अडाणी कोण ठरले, हे वेगळे सांगायला नको.

तरीही शेतकऱ्याच्या हिशेबात एक खाते असे होते, ज्याची नोंद बाजारात होत नसे. ज्वारी केवळ दाणा देत नाही, कडबा देते. कडब्यावर बैल जगतो, आणि बैलावर पुढच्या वर्षीची वखरणी, तिफण, डवरणी. कापसाची सरकी जनावरे खातात, पण वाळलेली पऱ्हाटी चुलीत जाते. तिने गोठा भरत नाही. शिवाय जुन्या गावगाड्यात पांढरीच्या मातीत पेव खणून ज्वारी साठवत. दोन वर्षे पाऊस रुसला तरी पेव फोडता येई. ज्वारीऐवजी कापूस आला की दाण्याबरोबर कडबा जातो आणि पेवही रिकामे राहते. वर सांगितलेल्या अर्ध्या गाडीच्या हिशेबात यातले काहीही धरलेले नाही. आणि भाव पडला म्हणून श्रावणात पऱ्हाटी उपटून ज्वारी पेरता येत नाही. सावकाराचे व्याज आणि सरकारचा सारा रोखीतच द्यावा लागतो.

१८९६-९७ चा दुष्काळ ओसरतो न ओसरतो तोच १८९९ चा पाऊस बुडाला. चाऱ्यावाचून जनावरे गावोगाव मेली. खारपाणपट्ट्यात तर विहिरीचाही आधार नव्हता. या दुष्काळातही वऱ्हाडातून कापूसच नव्हे, तर धान्यही रेल्वेने बाहेर जात राहिल्याचे इतिहासकार लक्ष्मण सत्य यांनी वऱ्हाडचा कापूस आणि दुष्काळ यांवरील आपल्या अभ्यासात दाखवले आहे. बाजारात धान्य नव्हते असे नाही. ते घेण्याइतका पैसा मजुराच्या हाती नव्हता. कापूस बुडाला म्हणजे वेचणी बुडाली, आणि वेचणी बुडाली म्हणजे मजुरी. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे २७ लाख ५४ हजार भरली.

पुढल्या मृगाला पाऊस आला. वाचलेले बैल जुंपले गेले, कुठे माणसांनीच वखर ओढले. आणि भातकुलीच्या काळ्या रानात तिफणीमागून पुन्हा सरकी पडली. अमरावतीच्या बाजारात कापसाला भाव होता, जमिनीखालचे पाणी खारटच होते.